पाण्यावरचा कोरडा संडास

आमच्या जिल्ह्यात पाणी बहुतेक टँकरमधून हिंडतं. त्यामुळं मी होडी बांधायला घेतली तेव्हा ती कुठल्या टँकरमध्ये सोडणार, हे मला गावातल्या पारापासून कळंबच्या एसटी स्टँडापर्यंत तमाम लोकांनी विचारून घेतलं. सुरुवातीला मी प्रत्येकाला उत्तर द्यायचो. मग नुसती मान हलवायला लागलो. होडी तीन महिन्यांत झाली, पाण्यात उतरली, तरंगली, चाललीसुद्धा. तिच्यातला संडास कसला असावा हे ठरवायला मात्र पुढचे पाच महिने गेले. तीस वर्षं शाळेत पोरं हाकली तेव्हा जेवढा थकलो नव्हतो, तेवढा मी त्या पाच महिन्यांत एका चार फुटी खोलीपुढं उभं राहून थकलो.

होडी कशासाठी, ते आधी सांगतो. माझ्या बायकोला तिच्या आईनं दिलेली सहा एकर जमीन आहे. पूर्वी ती गावाला लागूनच होती. मग मधे धरण झालं. धरण भरलं की त्या जमिनीच्या तीन बाजूंना पाणी चढतं आणि चौथ्या बाजूनं गाठायचं तर बावीस किलोमीटरचा वळसा पडतो. त्यातला शेवटचा रस्ता असा, की मोटरसायकलवरून निघालेला माणूस पोचतो तेव्हा त्याचे दात त्याच्या खिशात असतात. पाण्यावरून गेलं तर दहा मिनिटं. त्या जमिनीत अकरा आंब्याची झाडं आहेत. प्रत्येकाचं कलम बायकोनं स्वतःच्या हातानं बांधलेलं, आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी. आमच्या लेकीच्या बाळंतपणाला ती चार दिवस उशिरा गेली होती, कारण सातव्या झाडाला पानं फुटायची होती. यात मी काडीचं वाढवून सांगत नाही.

ती अकरा झाडं तिनं दोन वर्षांत पाहिली नव्हती. तिचे गुडघे गेले. खाली बसता येत नाही, बसली तर उठता येत नाही. वर शुगर. त्यामुळं तासातासाला जावं लागतं. शेतात आडोसा पुष्कळ, पण आडोशाला जाऊन उभं थोडंच राहायचं असतं? तिनं यावर स्वतःचा इलाज काढला होता. कुठं जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. कळंबला एका लग्नात अशीच कोरड्या घशानं गेली आणि अक्षता टाकता टाकता मांडवात आडवी झाली. डॉक्टर तिला एक शब्द बोलला नाही, झापलं ते सगळं मला. तेव्हापासून तिनं बाहेर जाणंच सोडलं. आमच्या घरात कमोड आहे. तिचा मुलूख त्या कमोडपासून सुरू व्हायचा आणि अंगणातल्या तुळशीपाशी संपायचा.

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी ती शेपू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गुढीपाडव्याला जमीन बटईनं देऊन टाकू. भावानं माणूस बघून ठेवलाय."

मी म्हणालो, तुझी जमीन, तू म्हणशील तसं. पण अकरा झाडं?

"जे बघायला जमत न्हाय ते ठेवून काय करायचं?" ती म्हणाली आणि शेपूच्या काड्या गोळा करून उठली. मीठ संपलंय असं सांगावं तशा आवाजात म्हणाली. ती रडली असती तर मी दोन दिवसांत विसरलो असतो. तो आवाज मात्र माझ्या कानात गोमाशीसारखा शिरून बसला.

शेतातच संडास बांधा की, असं आपल्याला वाटेल. मलाही वाटलं होतं. बांधलाही होता. पण धरण भरलं की त्या जमिनीत पाणी खालून वर येतं. तीन वर्षांमागं दसऱ्याच्या सुमाराला त्या खड्ड्यानं आम्ही दिलेलं सगळं प्रामाणिकपणानं परत केलं, एक कण ठेवून घेतला नाही. म्हणून मग होडी. छप्पर असलेली, आत एक बाज, दोन खुर्च्या, कोपऱ्यात संडास. पाण्यावरून न्यायची, तिच्या बांधाला बांधून ठेवायची, दिवसभर तिनं झाडांत हिंडावं, लागेल तेव्हा होडीत यावं. इतका साधा बेत होता.

कळंबला एक वेल्डिंगवाला मिस्त्री आहे. ढोकीकडच्या कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर बनवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. होडी त्यानं फक्त जुन्या दहाच्या नोटेवरच्या चित्रात पाहिली असेल, तीही बहुतेक नाही. पण तो अजिबात डगमगला नाही. म्हणाला, "गुरुजी, ट्रॉलीची चाकं काढली आन् भोकं बुजवली की झाली होडी." आणि त्यानं खरोखर तेच केलं. सवयीनं पुढं ट्रॅक्टरला जोडायचा हुकही बसवला. मागं विहिरीवरचं जुनं इंजिन आणि लाल रिफ्लेक्टर लावले, कडेनं पिवळ्या वेलबुट्ट्या काढल्या आणि मोठ्या अक्षरांत 'सुरक्षित अंतर ठेवा' लिहून दिलं. आमच्या धरणात दुसरं वाहन म्हणजे एका म्हाताऱ्या भोयाचा थर्माकोलचा तराफा. तो तेव्हापासून आमच्यापासून अंतर राखूनच आहे.

दसऱ्याला होडी पाण्यात सोडली. अर्धं गाव ती बुडताना बघायला आलं होतं, निराश होऊन परत गेलं. बायकोही काठी टेकत काठापर्यंत आली. तिनं होडीच्या वेलबुट्ट्या पाहिल्या, बाज पाहिली, खुर्च्या पाहिल्या. मग कोपऱ्यातलं दार उघडलं. आत पत्र्याच्या चार भिंती होत्या, बाकी काही नव्हतं.

"संडास कुठाय?"

"ठरवायचाय अजून," मी म्हणालो.

"मंग ठरला की सांगा," ती म्हणाली आणि आली तशी काठी टेकत घरी गेली.

पहिला सल्ला त्या भोयानं दिला. अंतर ठेवूनच दिला, त्यामुळं त्याला ओरडून द्यावा लागला आणि तो तिन्ही काठांना ऐकू गेला. म्हणाला, "गुरुजी, खाली एवढं धरण हाय. भोक पाडा, मोकळं व्हा." मला बरं वाटलं. मिस्त्रीला एक भोक पाडायला दहा मिनिटं लागली असती आणि ही गोष्ट इथंच संपली असती. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती चहा गाळत होती. आमच्या गावच्या नळाला त्याच धरणाचं पाणी येतं. तिनं माझ्यापुढं कप ठेवला आणि म्हणाली, "तिकडं बसायचं आन् इकडं त्याच पाण्याचा च्या करायचा?" बस्स, एवढंच. मी दोन दिवस चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं तेव्हा घेतला. पण भोकाचा विषय परत काढला नाही.

मग मिस्त्रीनं टाकीची कल्पना काढली. टँकर बनवणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? होडीच्या तळाशी एका बाजूला त्यानं पाचशे लिटरची पत्र्याची टाकी जोडून दिली. वर आपलं घरच्यासारखं पॉट, भरपूर पाणी ओता, सगळं खाली टाकीत. टाकी भरली की गावात येणारी मैला उपसायची गाडी काठाला बोलवायची. चाचणी म्हणून आम्ही टाकीत साधं पाणी भरलं. जसजशी ती भरत गेली तसतशी होडी त्या बाजूला कलली. गाळात बसायच्या आधी म्हैस जशी एक पाय दुमडून विचार करते, तशी ती तिथं विचार करत उभी राहिली. आम्ही दुसऱ्या बाजूला बायकोच्या वजनाचे सिमेंटचे ठोकळे ठेवायचं ठरवलं. किती ठोकळे लागतील हे विचारायला मी घरी गेलो, ती माझी चूक.

टाकी भरलेली होतीच, म्हणून गाडीचीही चाचणी घ्यावी असं ठरलं. धरणाचं पाणी मागं सरलं की काठाला गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला, कुरकुरीत, पापडासारखा. खाली लोणी. गाडीवाल्या भल्या माणसानं काठापर्यंत गाडी घातली आणि गाडी खाली जायला लागली. ती इतकी रुतली, की त्याला खाली उतरावंच लागलं नाही. दार उघडून तो सरळ जमिनीवर चालत आला. मग उसाचा एक ट्रॅक्टर बोलावला. त्यानं गाडी ओढायच्या ऐवजी स्वतःच दीड फूट खाली जाऊन बघितलं. दुसऱ्या ट्रॅक्टरनं पहिल्याला काढलं, पहिल्यानं गाडीला काढलं, आणि तोवर संध्याकाळ झाली. जाताना गाडीवाला मला नमस्कार करून म्हणाला, "गुरुजी, गावातल्या घरचं काहीबी असू द्या, येतो. ह्या होडीचं पुन्हा सांगू नका." मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही. अंगणात बाजेवर पडलो तो पायातला गाळ वाळेपर्यंत पडून होतो.

ही खबर पुण्याला लेकीला लागली. तिनं एक पेटी पाठवून दिली. प्लॅस्टिकची, पांढरी, सुटकेससारखी मुठीची. वर बसायचं, खालचा डबा काढून न्यायचा, रिकामा करायचा, एक निळं औषध घालून परत बसवायचा. औषधाला दातांच्या दवाखान्यासारखा वास. मी ठरवलं, आधी आठवडाभर आपण वापरून बघावं, मग तिला सांगावं. मी रोज सकाळी होडीत जाऊन बसू लागलो. ज्यांनी ती पेटी बनवली ते लोक कागदानं काम भागवत असणार. आमचा तांब्या तिच्या हिशोबात नव्हता. दोन दिवसांत डबा गळ्यापर्यंत भरायचा. मग तो मोटरसायकलला मागं बांधून घरच्या संडासात ओतायला न्यायचा.

पहिल्याच दिवशी पारावरच्या एकानं विचारलं, "गुरुजी, सुटकेस घेऊन कुठं? लेकीकडं का?" मी काय सांगणार? व्हय म्हणालो. दोन दिवसांनी परत तेच. आठवड्यात मी तीनदा पुण्याला निघालो आणि तिन्ही वेळा तासाभरात गावात दिसलो. लोकांनी ते कसं जुळवलं कोण जाणे. चौथ्या वेळी एकजण रस्त्यातच आडवा झाला. त्याचा मुलगा पुण्यात नोकरीला. "आता चाललाच हाव तर," असं म्हणत त्यानं भेंडी आणि ज्वारीच्या पिठाची पिशवी आणून त्याच डब्यावर सुतळीनं करकचून बांधली. वर हात ठेवून म्हणाला, "जपून न्या, पीठ हाय." मी जपून नेलं. ते पीठ मी पुढं कुरिअरनं पाठवलं, धुऊन घेता येत नाही म्हणून तसंच पाठवलं, आणि त्या मुलानं भाकरी गोड लागली असं कळवलं.

बायकोला हे सांगितलं तेव्हा ती हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसलो. मला वाटलं, जमलं. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमचं तुमी न्याल, कुणाला काय त्याचं? पण माझं असलं गावातून मिरवत न्यायचं? त्यापरीस मी घरीच बरी." पेटी मी माळ्यावर टाकली. ती अजून तिथंच आहे. वरच्या खणात मिरच्या वाळायला ठेवाव्यात असं मला सुचलं होतं, पण बोललो नाही.

संक्रांत आली. पाडव्याला दोन-सव्वादोन महिने राहिले. मेव्हण्याचा फोन आला की बटईवाला घाई करतोय. मी म्हणालो, थांब. फोन ठेवला आणि कशासाठी थांब म्हणालो ते मलाच कळेना.

त्या दिवसांत मी मोबाईलवर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघायचो. तिकडं कालव्यांतून लांबलचक होड्या असतात आणि माणसं त्यातच संसार मांडून राहतात. आमच्याकडं कालव्यात पाणी आठ दिवस सुटतं आणि त्यात शेळ्या पडतात, एवढंच. ते लोक एकेक तास आपापल्या संडासाबद्दल बोलतात. आपल्याकडं बैलाबद्दल बोलतात तसं, दात मोजून. मला भाषा निम्मी कळत नव्हती, पण हातवाऱ्यांवरून मुद्दा कळला. त्यातले काहीजण पाणी वापरतच नव्हते. बैठकीच्या पुढच्या बाजूला एक नरसाळं, त्यातून पातळ वेगळं, कॅनमध्ये. मागं बादली, त्यात घट्ट, आणि त्यावर लाकडाचा भुसा. ओलं आणि सुकं एकत्र झालं नाही की वास नाही. भुसा ओढून घेतो, पुढं त्याचं खत. मला ते एकदम पटलं. भुसा नाही, पण गुऱ्हाळावरचं चिपाडाचं भुसकट आमच्याकडं मागाल तेवढं. चुलीची राख तर आहेच.

मिस्त्रीनं चार दिवसांत बैठक आणि तिच्या शेजारी पाणी वापरायला न्हाणीचा कोपरा करून दिला, त्याचंही पाणी कॅनमध्ये. त्यानं टाकी कापून काढली तेव्हा तिला हात लावून थोडा वेळ उभा राहिला, जुन्या बैलापाशी उभं राहावं तसा. मी आठ दिवस वापरून पाहिलं. बसायचं, उठायचं, शेजारच्या न्हाणीच्या कोपऱ्यात जाऊन तांब्या वापरायचा, परत येऊन भुसकट टाकायचं. वास नावाला नाही. भुसकटाला उलट गुळाचा मंद वास यायचा. मी होडीत बसून जेवलोसुद्धा. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुमचं काय, तुमास्नी काहीबी चालतंय. दुसऱ्या माणसाला बसवून दाखवा."

दुसरा माणूस देवानंच धाडला, पण भलता धाडला. आमचे व्याही तुळजापूरचे. भटजींचं घराणं, सोवळं कडक, शब्द मोजून बोलणारे. आमच्या दारात आले की मी आपोआप बसल्या जागेवरून उठून उभा राहतो. ते माघात दोन दिवस आले. मी त्यांना होडीतून पलीकडं फिरवायला नेलं. बांधावर बसून त्यांनी कोवळा हुरडा खाल्ला, थोडा जास्तच खाल्ला, वर ताक घेतलं. परत येताना धरणाच्या मधोमध त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "व्याही, आत सोय आहे ना?"

मी म्हणालो, आहे.

आता मला त्यांना सांगायचं होतं, की बसा त्या जागी, पण पाणी तिथं वापरू नका, उठून कोपऱ्यात या. वाक्य एवढंसं होतं. पण ते समोरच्या माणसाला, म्हणजे लेकीच्या सासऱ्याला, म्हणजे माझ्या होडीत आलेल्या पाहुण्याला म्हणायचं होतं. पाणी वापरू नका. मी तीस वर्षं वर्गात ओरडलेला माणूस, पण हे तीन शब्द म्हणायची छाती झाली नाही. आमच्याकडं पाहुण्याला जेवायला कमी पडलं तर चालतं, पाण्याला हात आखडला असं कुणी म्हणायला नको. मी नुसतं दार उघडून दिलं.

ते म्हणाले, पाणी? मी तांब्या दिला. त्यांनी तांब्याकडं पाहिलं, मग खाली धरणाकडं पाहिलं. त्यांच्या घरी नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्या माणसानं सगळं आयुष्य तांब्या मोजून काढलेलं. त्यांनी तांब्या मला परत दिला, धोतर खोचलं, वाकून होडी धुवायची बादली धरणात बुडवली आणि भरलेली बादली आत घेऊन गेले. थोड्या वेळानं दार किलकिलं झालं आणि रिकामी बादली बाहेर आली. मी ती भरून दिली. आणखी काय करणार होतो?

ते बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. म्हणाले, "झकास सोय केली आहे तुम्ही. पाण्याची तर काही ददातच नाही." आणि खुर्चीवर बसून नातवाच्या मुंजीचा विषय काढला. तेवढ्यात दाराच्या फटीखालून भुसकट तरंगत आलं. आधी थोडं. मग त्याच्या मागनं बाकीचं. मी हसत हसत उभा राहिलो आणि दाराच्या फटीला पायातली वहाण दाबून धरली. मुहूर्त कुठला, हॉल कुठला, आचारी कुठला, सगळ्याला व्हय म्हणत गेलो. काठ येईपर्यंत मी त्या मुंजीला पाचशे माणसं कबूल केली.

ते गेल्यावर होडी धुवायला मला एक अख्खा दिवस लागला. पाणी धरणात जाऊ द्यायचं नाही, म्हणून सगळं भुसकटानं टिपून बादल्यांनी वर शेतात नेलं. संध्याकाळी घरी आलो, पाय धुतले आणि बायकोला म्हणालो, "दे बटईनं. मी दमलो."

मी खरंच दमलो होतो. नुसत्या पाठीनं नाही. आपण एका माणसासाठी एवढं करतोय आणि त्या माणसाला काहीच लागू पडत नाही, याचा थकवा वेगळा असतो. तो झोपून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "पाणी नेमकं कुठं पडलं?"

मी सांगितलं. तिनं खडू देऊन मला फरशीवर काढायला लावलं. बैठक, बादली, नरसाळं, न्हाणीचा कोपरा. मी काढलं. ती वरून बघत होती.

"आन् तुमी उठून हितनं हितं जात होता?"

"व्हय."

"मी कशी जाणार?"

मी खडू हातात धरून बसून राहिलो. पाच महिने मी जिच्या गुडघ्यांसाठी हे सगळं करत होतो, त्या गुडघ्यांनी एकदाही उठून बघितलं नव्हतं. सगळी परीक्षा मी माझ्याच गुडघ्यांनी दिली होती.

ती ओट्याला टेकली. म्हणाली, "आई चुलीपुढनं कवा उठायची न्हाय. पाटावरून सरकायची. एकदा पिठाकडं, एकदा तव्याकडं. दहा माणसांच्या भाकरी व्हायच्या, पण बूड उचललेलं म्या बघितलं न्हाय." मग हातानं हवेत दाखवलं. एक लांब बाक. त्याला दोन भोकं. पहिल्यावर बसायचं. काम झालं की तसंच सरकून दुसऱ्यावर. पाणी तिथं वापरायचं, ते कॅनमध्ये जाईल. उठायचं एकदाच, शेवटी. आणि भिंतीला एक दांडी, धरायला.

तिनं घरातली सुतळी घेतली. पलंगावर बसून, पाय टेकवून, बैठकीची उंची कुठं हवी तिथं एक गाठ मारली. किती सरकायचं त्याची दुसरी. दांडी कुठं हवी त्याची तिसरी. सुतळी माझ्या हातात देऊन म्हणाली, मिस्त्रीला द्या, टेपनं मोजू नका म्हणावं.

मिस्त्रीनं सुतळी हातात घेऊन दोनदा ताणून पाहिली. मी सगळं सांगितलं. मग म्हणाला, "बाईंना आधी इचारलं असतं गुरुजी, तर टाकीचा पत्रा वाचला असता." त्याच्याकडचा एकच उपयोगी शोध त्यात भरला. सुक्या भोकावर त्यानं सरकतं झाकण बसवलं, सरकलं की मागोमाग बंद होणारं. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याचीच पट्टी होती ती.

फाल्गुन लागला होता. धरण इतकं उतरलं होतं, की होडी गाळात बसली होती आणि पाणी तिच्यापासून दोनशे पावलं लांब. तेव्हा तो हुक कामाला आला. ट्रॅक्टरला जोडून आम्ही होडी ट्रॉलीसारखी ओढत पाण्यात नेली. मागून 'सुरक्षित अंतर ठेवा' डुलत चाललं होतं. भोई काठावर टाळ्या वाजवत होता, तेही लांबून.

त्या सकाळी बायको निघाली. तिच्या पलंगाशेजारी रात्रीचा पाण्याचा तांब्या काठोकाठ भरलेला होता, तसाच. मी ते पाहिलं. घरून माठ भरून होडीत ठेवला होता. दहा मिनिटांत पलीकडं पोचलो. ती काठी टेकत उतार चढली आणि पहिल्या झाडापाशी थांबली. मोहर गळून वाटाण्याएवढ्या कैऱ्या लागल्या होत्या. ती एकेका झाडापाशी गेली. चौथ्या झाडाची एक फांदी कुणी छाटली होती, त्यावरून तिनं मला अर्धा तास बोलणी दिली. मी ऐकून घेतली. सातव्या झाडाच्या बुंध्यावर चिंधीची खूण अजून होती. तिनं तिच्यावर अंगठा फिरवला.

मग ती वळली आणि मला न सांगता उतार उतरून होडीकडं गेली.

मी बांधावर उभा राहिलो. दार लागल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मला तुळजापूरचे व्याही आठवले, दाराखालून येणारं भुसकट आठवलं. मी होडीच्या दाराच्या खालच्या फटीकडं बघत राहिलो, एखाद्या बिळाकडं बघत बसावं तसा. बऱ्याच वेळानं झाकण सरकल्याचा आवाज आला, सर्र करून. मग पाण्याचा. मग दांडी किंचित करकरली. दार उघडलं. फट कोरडी होती.

ती हात धुऊन बाहेर आली, हळूहळू वर चढली आणि सातव्या झाडाखाली मी आणलेल्या खुर्चीवर बसली. समोर ऊन पाण्यावर चढत होतं.

मग म्हणाली, "भावाला सांगा, माणूस बघू नको म्हणावं."

मी म्हणालो, बरं.

"आन् पाणी द्या."

मी खाली जाऊन माठातून तांब्या भरून आणला. तिनं तो तोंडाला लावला आणि खाली न ठेवता संपवला. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं, पदर भिजला. घराबाहेर तिला असं पाणी पिताना मी किती वर्षांनी पाहत होतो ते मला सांगता येणार नाही, आणि अंदाजानं आकडा सांगायची इच्छाही नाही. तिनं तांब्या माझ्यापुढं धरला.

"अजून."

माठ होडीत होता, होडी खाली उताराला. माझेही गुडघे आता कुरकुरायला लागलेत. मी तांब्या घेतला आणि पुन्हा उतरलो.